रंग शेवटी विचारावा

गुरुवार, ९ मार्च १९६१. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. म्हात्रेसरांनी भिंग टेबलावर ठेवले, समोरची दाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बाई, हा नमुना तुम्ही तपासा. मी तपासला आहे, पण माझं धरू नका."

"तुम्हाला काय मिळालं?"

"ते सांगितलं तर तुमची तपासणी बाद."

एवढे बोलून ते व्हरांड्यात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. तपासणी चालू असताना खुर्ची सोडण्याची त्यांची रीत नव्हती. तीन वर्षांत मी ते प्रथमच पाहत होते.

हिराजी म्हात्रे हे अलिबागच्या आमच्या लहानशा बीजतपासणी प्रयोगशाळेचे प्रमुख. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली आणि ते विदर्भात गेले. आईच्या दिवसांपुरते आले तेवढेच. पुन्हा कुलाबा जिल्ह्यात त्यांचे पाऊल पडले नाही. गेल्या महिन्यात ते तिकडेच वारल्याचे कळले. बातमी आणणाऱ्या गृहस्थांनी सहज विचारले, "कसे होते हो ते?" मी वर्गीकरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कोणाचीही ओळख पटवायची तर लक्षणे मांडावी लागतात, आणि तीही योग्य क्रमाने. तसा प्रयत्न करते.

उंची बेताची, वर्ण काळा, हात मात्र शरीराच्या मानाने मोठे. त्या हातांच्या चिमटीत मोहरीपेक्षा बारीक दाणा ते असा धरीत, की तो स्वतःहून तिथे येऊन बसला आहे असे वाटावे. प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर थांबून विजारीच्या दुमडी उलगडायच्या, त्यात अडकलेली गवताची बीजे तळहातावर झाडायची आणि पाकिटात भरायची, हा त्यांचा रोजचा क्रम. पाकिटावर ते तारीख आणि वाट लिहीत. "फुकटचे प्रवासी," असे ते त्यांना म्हणत. "तिकीट न काढता किती लांब येतात बघा. माणसाच्या पायांशिवाय तणाला पाय कुठले?"

जन्म पोयनाडपलीकडच्या शेवाळखार गावचा. खाडीला बांध घालून समुद्राकडून मिळवलेली खारी शेते आणि त्यापुढे मिठागरे, एवढेच त्या गावाचे उत्पन्न. आगऱ्यांच्या त्या गावातून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात गेलेले ते पहिले. कचेरीत त्यांची भाषा आखीव असे. मात्र संताप आला की गावची बोली वर येई, आणि आमचे लेखनिक कागद आवरून आपापल्या जागी जात. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. "सरांचा डबा उघडला की खोलीला भरती येते," असे लेखनिक कुजबुजत. एकदा ते सरांच्या कानावर गेले. "ओहोटीलाही या," एवढेच म्हणून त्यांनी डबा पुढे केला.

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी एका काडेपेटीत लसूणघासाचे बी दिले आणि त्यात काय भेसळ आहे असे विचारले. मी पदवी परीक्षेत पहिली आलेली, आणि ते लपवण्याची मला सवय नव्हती. दोन मिनिटांत मी म्हटले, "अमरवेल वाटते."

"वाटते?"

"आहे."

"आता 'आहे' म्हणालात. मघाशी आणि आता, यांमध्ये दाण्यात काय बदललं?"

उत्तर बरोबर होते, पण त्यांना उत्तर नको होते. "वाटतं हा शब्द उंबरठ्याबाहेर झाडून यायचा," ते म्हणाले. मग त्यांनी आपले प्रश्न सांगितले. आकार कसा? कडा धारदार की गोल? त्वचा गुळगुळीत, खडबडीत, की जाळीदार? कुसळ आहे का, किंवा तुटल्याची खूण? जिथून दाणा रोपापासून सुटला तिथला व्रण कसा? आणि सगळ्यात शेवटी, रंग. "रंग शेवटी विचारावा, बाई. सगळ्यात आधी तोच बोलायला येतो, आणि सगळ्यात जास्त खोटं तोच बोलतो. ऊन लागलं की बदलतो, ओल लागली की बदलतो, व्यापाऱ्यानं तेलाचा हात फिरवला की बदलतो."

व्यापाऱ्यांशी त्यांचे भांडण कधी झाले नाही, कारण ते भांडत नसत. पेणचे एक शेठ मोहरीचे बियाणे घेऊन आले होते. सरांनी त्यातून पिवळ्या धोत्र्याचे बी वेगळे काढून ठेवले. शेठ वाकून पाहू लागले. "साहेब, आ तो एकसरखा छे! भाऊ भाऊ दिसतात."

"भाऊच आहेत, शेठ. एक घर बांधणारा, एक घर विकणारा." सरांनी भिंग त्यांच्या डोळ्यांशी धरले. "हा गुळगुळीत. आणि ह्याच्या अंगावर जाळी, मासे पकडायची असते तशी. दिसली?"

शेठनी बराच वेळ पाहिले. "दिसली. आता मला रोज दिसणार, हीच पंचाईत!" असे म्हणत ते हसत गेले आणि पोते परत घेऊन गेले.

पण सर जिथे खरोखर अडून बसत, ते तण एकच होते: देवभात. हे रानटी भात डबक्यांच्या आणि तळ्यांच्या काठी आपोआप उगवते. शेतात शिरले तर भातासारखेच वाढते, फुलेपर्यंत ओळखू येत नाही, आणि कापणीच्या आधीच त्याचे दाणे गळून चिखलात पडतात. शेतकऱ्याच्या हाती पेंढा येतो. दाणा पुढच्या वर्षासाठी शेतातच राहतो. खाऱ्या जमिनीत जे रत्ता भात पिकते त्याचे टरफल काळपट आणि तांदूळ तांबडा, देवभाताचेही तसेच. रंग इथे अगदीच निरुपयोगी. लांब कुसळ हे देवभाताचे लक्षण, पण झोडणीत, हाताळणीत ते मोडते. मग उरतो व्रण. रत्ता झोडून सोडवावा लागतो, म्हणून त्याच्या बुडाशी फाटल्याची खरखर असते. देवभात आपण होऊन गळते; त्याचे बूड गुळगुळीत, घासल्यासारखे.

बियाण्यात देवभाताचे किती दाणे चालावेत, यावर वरिष्ठांची एक बैठक झाली होती. मी टिपणे घेण्यास हजर होते. साहेब म्हणाले, "म्हात्रे, शंभर टक्के शुद्ध तर गंगाजळही नसतं. दोन-चार दाणे चालू द्या."

"गंगाजळ पेरत नाहीत, साहेब," सर म्हणाले. "आमच्या आजोबांची दोन शेतं ह्या दोन-चार दाण्यांनी खाल्ली. सात वर्षं उपटत होते. शेवटी बांध फोडून खाडीचं पाणी आत घेतलं, तेव्हा कुठे ते मेलं. आणि शेतही मेलं."

नियम ठरला: नमुन्यात एकही दाणा नको. तो नियम सरांचा होता, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे.

१९६०च्या पावसाळ्यात, श्रावणातल्या उधाणाला शेवाळखारच्या पलीकडच्या खारीचा बांध फुटला. उभे पीक खाऱ्या पाण्याखाली गेले. खाऱ्या जमिनीत दुसरे भात चालत नाही, आणि आसपास रत्ता बियाण्याजोगा उरला होता तो फक्त शेवाळखारला. पुढच्या जूनमध्ये पलीकडच्यांना तो द्यायचा, असे ठरले. सर किती हरखले होते! जन्मभर त्यांच्या गावाने मागितले होते. प्रथमच ते काही देणार होते.

त्याच भाद्रपदात ऋषिपंचमीला सरांनी मला गावी नेले. "तळ्यावर देवभात फुलायला लागलंय. रोप पाहिल्याशिवाय दाण्याचं ज्ञान अर्धं," हे त्यांचे कारण. त्यांच्या आई, बायजाआय, ओटीवर बसल्या होत्या. कृश, ताठ, डोळ्यांवर हात धरून माणूस ओळखणाऱ्या. मला म्हणाल्या, "उपास धरतेस का न्हाय, पोरी? बैलाच्या कष्टाचा आज खायाचा न्हाय."

त्यांनी पानात वाढले ते आदल्या वर्षी तळ्याकाठून टिपून ठेवलेले देवभात. नांगराशिवाय उगवलेले, म्हणून त्या दिवशी चालणारे. तांबडा, जाडसर, किंचित उग्र वासाचा भात आणि ऋषीची भाजी. ज्या दाण्याला सर कचेरीत शत्रू म्हणत, तो त्यांनी डोळे मिटून, नमस्कार करून खाल्ला. मी पाहते आहे असे दिसल्यावर म्हणाले, "तळ्यावर आहे तोवर देव आहे, बाई. शेतात आला की तण. जागा महत्त्वाची."

"बग, बग," बायजाआय मला म्हणाल्या, "माजा पोर सरकारी कोंबरा हाय. दिसभर दाने टिपतं, आनि पोट भरायला माज्या घरी येतं."

"आये, सरकारी कोंबड्याला पगार असतो."

"आंडा तरी देतं का?"

सर भाताचा ठसका लागेपर्यंत हसले.

आश्विनात रत्ता फुलल्यावर त्यांनी रजा काढली आणि गुडघाभर चिखलात उतरून गावचे एकेक शेत पायांखाली घातले. देवभाताचे प्रत्येक रोप मुळासकट उपटले. कचेरीत परतले तेव्हा हात पात्यांनी चिरलेले होते. "शेत साफ आहे," ते म्हणाले. 'वाटतं' म्हणाले नाहीत.

आणि मार्चमध्ये तो नमुना आला. त्यावर केवळ क्रमांक होता. दुपारी चारच्या सुमारास मी दाणे संपवले आणि व्हरांड्यात जाऊन सांगितले, "देवभात. सतरा."

"मला सोळा मिळाले होते," सर म्हणाले. "तुमचा आकडा धरू." मग म्हणाले, "हा शेवाळखारचा रत्ता आहे."

"नमुन्यावर गावाचं नाव नाही."

"आमच्या खारीतला दाणा पोटाशी किंचित दबतो. पाटी-पेन्सिलीच्या आधी तो माझ्या हातात होता, बाई. म्हणून तर तुम्हाला तपासायला दिला." अहवालावर त्यांनी त्याच दिवशी सही केली: बियाण्यास अयोग्य.

शेत साफ होते. मग सतरा दाणे कुठून आले? रविवारी आम्ही गावी गेलो. पलीकडच्यांसाठी घरोघरचे मुडे सोडून रत्ता चौदा गोण्यांत एकत्र भरून ठेवला होता. मुडा म्हणजे पेंढ्याच्या दोरीने गुंडाळून बांधलेला धान्याचा गोल गठ्ठा. खारीत बियाणे त्यातच टिकते. स्वतःच्या पेरणीचे मुडे मात्र अजून घराघरांत बांधलेले होते. सरांनी आईच्या घरचा एक मुडा माझ्यासमोर सोडला. तोंडाशी, पेंढ्याच्या खाली, एका पानात बांधलेले मूठभर धान्य होते. पान सुकून फाटले होते आणि त्यातले दाणे खाली रत्त्यात उतरले होते. लांब कुसळांचे. देवभात.

"आये, ह्यो कुनी ठेवला?" सरांची बोली बदलली होती, पण आवाज चढला नव्हता.

"मी ठेवला. सगल्या बायांनी ठेवला. कंचा मुडा भाईर जानार ते ठावा नव्हता, म्हनून सगल्यांत. मीच सांगितला त्यांना."

"आपल्यात कवा ठेवीत व्हते?"

"कवा न्हाय. पन आपला बियाना कवा गावाभाईर गेला व्हता?" बायजाआय त्यांच्याकडे आश्चर्याने पाहत होत्या. "पोर लांब निगाला की आपुन हातावर दही घालतो का न्हाय? तू पुन्याला गेलास तवा घातला व्हता. तसा बियाना लांब निगाला, त्याला देवाचा दाना संगत दिला. तुजा नाव राहावा म्हनून."

ऋषिपंचमी, तळ्यावरचे देवभात, मुडा बांधणे, हा सारा बायकांचा व्यवहार. बीजशास्त्राच्या त्या जाणकाराला आपल्या घरातले हे पान ठाऊक नव्हते. कोणी लपवले नव्हते. पुरुषांना सांगण्याजोगे ते कोणाला वाटलेच नाही.

सर मुड्याशेजारी खाली बसले. तोवर ओटीपाशी माणसे जमली होती. त्यांचा चुलतभाऊ पांडू पुढे होऊन म्हणाला, "हिराजी, तपासनारा तूच, सही तुजीच. लोक घरातला दिवा आदी लावतात, तू घरातलाच इजवतोस?"

"पांडू, पलीकडच्यांचा बांद फुटला, शेत खारा झाला, पन तन धुवून गेला. तितं ह्यो गेला, तर पाच वर्सांनी तीच मानसं माज्या आयेचा नाव घेऊन शिव्या देतील. त्या मी ऐकू?"

बायजाआयना एव्हाना काय घडले ते कळले होते. त्यांनी मूठ उघडून त्या दाण्यांकडे पाहिले. "येचून काडला तर?"

"चौदा गोनी हाय, आये. काल्यात काला दाना. न्हाय दिसायचा."

"तुला दिसतं ना? मंग मना दाखव."

त्यांनी दाखवले. देवळाच्या मंडपात चटया टाकून गावातल्या बायांना बसवले आणि आम्हाला शिकवीत तसेच, त्याच क्रमाने, त्यांनाही शिकवले. तरुण सुनांना व्रण डोळ्यांनी दिसे. बायजाआयची नजर जवळचे पाहण्यास निकामी झाली होती. त्यांनी आपला मार्ग काढला: दाण्याचे बूड खालच्या ओठावरून फिरवायचे. खरखरले तर रत्ता, निसटले तर देवभात. चैत्र आणि वैशाख त्या मंडपात बसल्या. सुपात दाणे पसरायचे, संशयित उचलायचा, ओठाला लावायचा, उजवीकडे किंवा डावीकडे टाकायचा. सून जेवायला बोलावी, तर म्हणत, "तुमी जेवा. मीच घातला, मीच काडीन."

सर दर रविवारी जात. मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेस पाहिले, बायजाआयचा खालचा ओठ टरफलांनी फाटून सुजला होता. सर वाटीत खोबरेल घेऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते आणि करंगळीने त्यांच्या ओठाला लावीत होते. "बोलू नको," ते म्हणत होते. "जरा गप ऱ्हा." त्या मात्र बोलतच होत्या. किती गोण्या झाल्या, कोणती सून आळशी, कोणाला नीट दिसत नाही. मी माघारी फिरून बांधावर जाऊन थांबले.

परतीच्या वाटेवर मी विचारले, "सर, नमुना पुन्हा कोण तपासणार?"

"तुम्ही."

"आणि समजा..."

"बाई, समजा नको."

मे महिन्याच्या अखेरीस चौदाही गोण्या पुन्हा शिवून झाल्या. आमच्या लेखनिकांनी गावात जाऊन प्रत्येक गोणीत पोकळ सळई खुपसून नमुना काढला आणि मोहोर लावून आणला. तपासणीच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने बायजाआयही अलिबागेस आल्या. त्यांना प्रयोगशाळा पाहायची होती. सरांनी त्यांना आत फिरवले, बरण्यांतली बीजे दाखवली. एका बरणीपाशी त्या थांबल्या, ती हातभर लांब धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यो आपल्या तल्यावरचा." सरांनी मान हलवली. मग माझ्या टेबलाजवळ येऊन त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावला. "नीट बग हां, पोरी. घाई करू नको. मी बी केली न्हाय."

दोघे अंगणात गेले. माझे टेबल खिडकीशी होते. मी मोहोर तोडली, नमुना पसरला आणि सुरुवात केली. पहिला ढीग निर्मळ. दुसराही. असे काम मी पूर्वी पाहिले नव्हते. एवढ्या गोण्यांतून हातांनी आणि ओठांनी काढलेले. तिसऱ्या ढिगानंतर मान मोकळी करण्यासाठी मी खिडकीबाहेर पाहिले.

उंडीच्या झाडाखाली बायजाआय पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी फडक्यातून काहीतरी खाण्याचे काढले होते आणि त्याचे दोन भाग करीत होत्या. सरांना मोठा भाग देत होत्या, सर तो परत करीत होते. जूनचे ढग अजून लांब होते, उजेड पांढरा होता. त्यांनी काहीतरी म्हटले, बहुधा माझ्याविषयी, कारण दोघांनी एकदम खिडकीकडे पाहिले. मग सरांनी मान मागे टाकली आणि ते मोठ्याने, पोरासारखे हसले. असे मी त्यांना आणखी कधी पाहिले नाही. हसता हसता त्यांनी आईच्या मांडीवर हात ठेवला.

मी पुन्हा टेबलावर वाकले. शेवटचा ढीग उरला होता. त्यातला एक दाणा मी बाजूला घेतला, भिंगाखाली उलटला, सुलटा केला, पुन्हा उलटला. मग टाक दौतीत बुडवला आणि देवभाताच्या रकान्यात लिहिले: १.